कॉफी प्यायल्यावर झोप येते, म्हणजे एडीएचडी आहे का?

एक रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. हातात कॉफीचा मग घेतलेली एक व्यक्ती सांगते, "कॉफीने सगळ्यांना तरतरी येते. तुम्हाला मात्र शांत वाटत असेल किंवा झोप येत असेल, तर तुम्हाला एडीएचडी आहे!" आणि खाली कमेंट्सचा पाऊस, "अरे, हा तर मीच!"

रील अर्ध्या मिनिटात संपते, प्रश्न मात्र डोक्यात राहतो. कारण ज्यांना अभ्यासात किंवा कामात लक्ष टिकवताना खरोखरच त्रास होतो, त्यांच्यातले अनेक जण दिवस ढकलतात ते चहा-कॉफीच्या जोरावर. म्हणूनच हा कप नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेऊया.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर ही मेंदूच्या वाढीशी संबंधित स्थिती आहे. लक्ष एका जागी न टिकणं, वस्तू सतत विसरणं, कामं अर्धवट राहणं, एका जागी बसवत नसणं, विचार न करता बोलून किंवा करून टाकणं, ही तिची लक्षणं. ती वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसू लागतात आणि अनेकांमध्ये मोठेपणीही राहतात.

मुलींमध्ये दंगामस्ती कमी आणि हरवलेपण जास्त दिसतं. त्यामुळे त्यांना "वेंधळी", "धांदरट" अशी विशेषणं मिळतात, पण तपासणी होत नाही. अशी मुलगी मोठी होते, घर आणि ऑफिस सांभाळते आणि दिवसाला सहा कप चहा पिऊन स्वतःलाच दोष देत राहते.

कप पोटात गेल्यावर

आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते जितकं जास्त, तितकी झोप अनावर होते. कॅफिन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून थकवा जाणवत नाही. थकवा असतोच, फक्त त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

त्याच वेळी डोपामिन या रसायनाचं कामही थोडं जोरात चालतं. एडीएचडीमध्ये डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोन रसायनांच्या कामात फरक असतो, असं मानलं जातं. म्हणून एका कपानंतर काही जणांना "आता जरा डोकं चालायला लागलं" असं वाटतं. हा अनुभव खोटा नाही.

मग कॉफीच औषध का नाही?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. १९७३ मध्ये एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने अतिचंचल मुलांना औषधाऐवजी कॅफिन देता येईल, असं सुचवलं. मात्र त्यानंतरच्या अभ्यासांत कॅफिनचा परिणाम मिथाइलफेनिडेट या नेहमीच्या औषधापेक्षा बराच कमी पडला. काही अभ्यासांत तर तो नुसत्या साखरेच्या गोळीइतकाच निघाला. त्यामुळे एडीएचडीच्या उपचारांत आज कॅफिनला स्थान नाही.

आणि "शांत वाटलं म्हणजे एडीएचडी" हे गणितही चुकीचं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत एडीएचडी नसलेल्या मुलांना उत्तेजक औषधाचा एक डोस देऊन पाहिला गेला. तीही मुलं जास्त शांत झाली आणि त्यांचंही लक्ष सुधारलं. म्हणजे उत्तेजक घेऊन कोण शांत होतं, यावरून निदान होत नाही.

कॉफीनंतर झोप येण्याची कारणं साधी असू शकतात. कॅफिनचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. दहाव्या मिनिटालाच पेंग आली, तर तो आधीचा थकवा आणि निवांत बसल्याचा परिणाम असू शकतो. रोज चार-पाच कपांची सवय असेल, तर एका कपाने फारसा फरक पडतही नाही.

खरी गडबड रात्री होते

कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला ८० मिलिग्रॅम कॅफिनची कॉफी घेतली, तर रात्री अकराला त्यातलं ४० मिलिग्रॅम आणि पहाटे चारलाही २० मिलिग्रॅम शरीरात असतं. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना तो आणखी मंदावतो.

एडीएचडी असलेल्या अनेकांना मुळातच उशिरा झोप लागते. त्यात संध्याकाळचा चहा. झोप अपुरी, सकाळी लक्ष आणखी विस्कटलेलं, ते जागेवर आणायला पुन्हा चहा. या चक्रात मूळ त्रास किती आणि अपुऱ्या झोपेचा किती, हे ओळखणंच कठीण होऊन बसतं.

किती घ्यायचं?

आयसीएमआरच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटरच्या कपात चहातून ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन मिळतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, तेही हिशेबात धरा.

मुलांना "लक्ष लागावं म्हणून" कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक अजिबात देऊ नका. भारतात विकल्या जाणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या कॅनवरच ते लहान मुलांसाठी नाही, असं छापलेलं असतं. परीक्षेच्या दिवसांत हा कॅन एकदा वाचून बघा.

आजपासून काय करता येईल?

• आठवडाभर एका वहीत लिहा: किती कप, किती वाजता, झोप कधी लागली, दुसऱ्या दिवशी लक्ष कसं होतं.

• शेवटचा कप दुपारी दोन-तीनच्या आत घ्या.

• चहा एकदम बंद करू नका. डोकेदुखी, चिडचिड होते आणि लक्षही लागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा.

• एडीएचडीची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना कपांचा खरा आकडा सांगा. अनेक औषधं स्वतःच उत्तेजक असतात. त्यात कॅफिनची भर पडली की धडधड, बेचैनी आणि निद्रानाश वाढू शकतो. कॉफी पिऊन बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

• लहानपणापासून हेच होत आलंय असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं ते कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

भेटीला जाताना ती वही सोबत न्या. जमलं तर शाळेची जुनी प्रगतिपुस्तकंही काढून ठेवा. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" असा शेरा वर्षानुवर्षं मिळाला असेल, तर तो डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे. तुमच्या त्रासाबद्दल कॉफीच्या कपापेक्षा तो शेरा डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगून जाईल.