येडशीचा घाट पलंगाखाली मावेल का? मॉडेल रेल्वेतल्या चढ-वळणांचं सोपं गणित

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याला वाटतं, यासाठी मोठी खोली आणि मोठा खिसा लागतो. पण १२० बाय ७५ सेंटिमीटरचा एक प्लायवूडचा तुकडाही पुरतो. वापर झाला की तो सरळ पलंगाखाली सरकवता येतो. अट एकच: रूळ विकत घेण्याआधी गणित करायचं. नाहीतर पैसे जातात आणि इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहतं.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ, बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरची ही नॅरोगेज लाईन. १८९७ मध्ये ती बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकी करत लातूरला पोचली. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झालं, मार्ग बदलून धाराशिव शहरातून गेला आणि जुनी छोटी गाडी संपली. म्हणजे आज कॉलेजात असलेल्यांना ती आठवणंच शक्य नाही. तिची छोटी प्रतिकृती करायची, तर सुरुवात कुठून करायची?

आधी स्केल ठरवा

बार्शी लाईटच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं. 'एचओ' स्केलमध्ये प्रत्येक गोष्ट ८७ पट लहान होते. ७६२ भागिले ८७ म्हणजे साधारण ८.८ मिलिमीटर. आणि 'एन' स्केलचे रूळ बाजारात मिळतात ते ९ मिलिमीटरचे! म्हणजे रूळ 'एन'चे आणि डबे, स्टेशन, माणसं 'एचओ'ची, असं जमवलं की आपली नॅरोगेज तयार. लहान रुळांना वळणंही लहान चालतात, म्हणून कमी जागेसाठी ही जोडी उत्तम.

वळण किती घट्ट?

खऱ्या रेल्वेचं वळण जसंच्या तसं लहान करता येत नाही. १७५ मीटर त्रिज्येचं वळण ८७ पट लहान केलं तरी २ मीटर त्रिज्या होते. अख्खी खोली त्यातच जाईल. म्हणून मॉडेलमध्ये थोडी लबाडी चालते.

ढोबळ नियम असा: त्रिज्या तुमच्या सगळ्यात लांब डब्याच्या किमान तिप्पट ठेवा. २४ सेंटिमीटरच्या वळणावर ८ सेंटिमीटरपर्यंतचा डबा, ३० च्या वळणावर १० पर्यंतचा. डावं वळण संपलं की लगेच उजवं देऊ नका. मध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ हवा, नाहीतर डबे एकमेकांना बाजूला ओढतात आणि गाडी घसरते.

चढ किती?

बार्शीकडून येडशीकडे येताना बालाघाटाचा डोंगर लागतो. आपल्या फळीवर हा चढ दाखवायचा, म्हणजे एक रूळ दुसऱ्यावरून पुलाने न्यायचा. गाडीची उंची, पुलाची जाडी आणि थोडी मोकळीक मिळून ५ सेंटिमीटर धरू. (तुमचा डबा मोजून हा आकडा बदला.)

३ टक्के चढ म्हणजे १०० सेंटिमीटर पुढे गेल्यावर ३ वर. ५ सेंटिमीटर वर जायला १६७ सेंटिमीटर रूळ लागतो. सपाटीवरून एकदम चढ दिला तर डब्यांचे हुक सुटतात. म्हणून दोन्ही टोकांना २०-२० सेंटिमीटरमध्ये चढ हळूहळू वाढवायचा आणि कमी करायचा. आता एकूण लांबी झाली १८७. उतरायला पुन्हा तेवढीच, म्हणजे ३७४.

आता फळीवर मावतंय का बघा. ३० सेंटिमीटर त्रिज्या आणि ५० सेंटिमीटरच्या दोन सरळ बाजू धरल्या तर एक फेरा होतो २८८ सेंटिमीटर. नाही मावत! मग चढ ५ टक्के करायचा का? माथेरानची गाडी २० ला १, म्हणजे ५ टक्के चढते. पण ती त्याच कामासाठी बनवलेली आहे. बोर घाटात ३७ ला १ चा चढ आहे, तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात.

त्यापेक्षा दुहेरी फेरा करा. आत २४ त्रिज्येचा (२५१ सेंटिमीटर), बाहेर ३० चा (२८८). आतल्या फेऱ्यात चढायचं, पुलावरून बाहेर यायचं, बाहेरच्या फेऱ्यात उतरायचं. आत ६४ आणि बाहेर १०१ सेंटिमीटर सपाट रूळ उरतो. येडशी स्टेशनची जागा आपोआप मिळाली.

एक लक्षात ठेवा: वळणावर चाकं रुळाला घासतात, म्हणून तिथला चढ जास्त जड जातो. भारतीय रेल्वेत नॅरोगेजला ३५ भागिले त्रिज्या (मीटरमध्ये) इतके टक्के चढ वळणावर कमी करतात. १७५ मीटरच्या वळणावर ०.२ टक्के. मॉडेलची वळणं फारच घट्ट असल्यामुळे हे सूत्र तसंच लागू होत नाही, पण धडा तोच: जास्त चढ सरळ भागात, कमी चढ वळणावर.

मोबाईलने चढ मोजताना

फोनमधलं लेव्हल अ‍ॅप अनेकदा पूर्ण अंशच दाखवतं. ३ टक्के म्हणजे १.७ अंश आणि ४ टक्के म्हणजे २.३ अंश. फोन दोन्हीला '२' म्हणतो! म्हणून दशांश दाखवणारं अ‍ॅप घ्या. कॅमेऱ्याचा उंचवटा टेकणार नाही असा फोन आडव्या कडेवर उभा ठेवा. एकदा मोजा, मग फोन उलट दिशेला फिरवून पुन्हा मोजा. एकदा २.१ आणि दुसऱ्यांदा उणे १.३ आलं, तर चिन्ह सोडून बेरीज करा आणि निम्मी करा: १.७. सेन्सरची चूक यात निघून जाते. खात्रीसाठी ५० सेंटिमीटरची सरळ पट्टी चढावर ठेवून तिचं खालचं टोक उचला. पट्टी सपाट व्हायला १.५ सेंटिमीटर उचलावं लागलं, तर चढ ३ टक्के.

आराखड्यासाठी एक्सट्रॅककॅड हे मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालतं. चांगलं काम बघायचं असेल तर पुण्यात कर्वे रोडवर १९९८ पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे.

आणि रूळ चिकटवण्याआधी फक्त टाचण्यांनी बसवा. सगळ्यात लांब गाडी दोन्ही दिशांनी चालवून बघा. शिवाय छोट्या गाडीने प्रवास केलेलं कोणी घरात किंवा शेजारी असेल, तर गाडी कुठे हळू व्हायची ते आत्ताच विचारून घ्या. सॉफ्टवेअर नंतरही डाऊनलोड करता येईल.