नागपूरची ‘शारदा’ कुठून आली?

१९७४ साली नागपुरातली तिशीतली एक मराठी प्राध्यापिका अचानक बंगाली बोलू लागली. मराठी तिला कळेना, आईवडील परके झाले. ‘मी शारदा’ म्हणे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालातली, साप चावलेली! काही दिवसांनी मूळ बाई परतत, आणि मधलं काही आठवत नसे.

पुनर्जन्माचे संशोधक इयन स्टीव्हन्सन, सत्वंत पसरिचा आणि आपले वि. वि. अकोलकर यांनी हे प्रकरण कसून तपासलं. शारदेनं सांगितलेली काही पुरुषांची नावं बंगालातल्या एका घराण्याच्या वंशावळीशी जुळली. स्टीव्हन्सन यांचा कल पुनर्जन्माकडे झुकला.

पण याच तपासात निघालं, की बाईंना संस्कृत येत होतं, बंगालीची तोंडओळख होती, बंगाली कादंबऱ्यांचे अनुवाद वाचनात होते, वडिलांना बंगालचं वेड.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लूर्न्वा यांनी १९००च्या पुस्तकात अशा माहितीचा उगम वाचनात असू शकतो, हे दाखवलं होतं: स्वतःला गतजन्मीची हिंदू राजकन्या म्हणवणाऱ्या एका बाईनं सांगितलेली माहिती एका जुन्या इतिहासग्रंथातली निघाली. वाचलेलं जागं मन विसरतं, आत ते शिल्लक राहतं. तत्त्वज्ञ स्टीफन ब्राउडी यांनीही शारदेकडे दुभंगलेल्या मनाच्या अंगानंच पाहिलं.

वंशावळीचं कोडं उरतंच. तरी पारडं जड आहे ते अबोध मनाचंच.