अंगणातला कोबा आणि शेकोटीची भिंत

शाळेच्या मागच्या अंगणात नवा कोबा करावा आणि कडेला शेकोटीची भिंत बांधावी, अशी सूचना पालकसभेत आली. विश्वस्तांनी लगेच विचारले, "जुना कोबा का फुटला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय नव्या कामाला हात घालायचा नाही, असे आम्ही ठरवले.

दोष खालच्या जमिनीचा होता. आपल्या गोरव्याची ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आपण तिच्यावरच चार इंच काँक्रीट ओतले होते. सिमेंट कितीही उत्तम असो, बूड हलले की वरचे तडकणारच. म्हणून या वेळी दोन फूट माती काढून मुरूम भरायचा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. खर्च वाढेल, पण काटकसर इथे नको.

कोब्याला दर पाच फुटांमागे एक इंच उतार हवा, तोही भिंतीपासून बाहेर. दर आठ-दहा फुटांवर सांधा हवा. विद्यार्थ्यांनी चॉकलेटची वडी आठवावी. ती खाचेतच मोडते, तशी काँक्रीटची भेग सांध्यात पडते.

भिंतीचे काम अधिक जोखमीचे, कारण तिच्यासमोर मुले बसणार. काँक्रीट वाळलेले दिसले तरी त्याच्या पोटात पाणी असते. थेट जाळ लागला की त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि टवके उडतात. त्यामुळे आतून कारखान्यांच्या भट्टीला लावतात त्या विटा, त्याही साध्या सिमेंटात न बसवता फायर क्लेमध्ये. या विटा तापून फुगतात. त्यांच्यात आणि बाहेरच्या भिंतीत इंचभर फट ठेवायची. भिंतीचा पाया वेगळा, कोब्याशी जोडलेला नाही. वर धुराडे हवेच, नाहीतर शेकायला बसलेले सगळे डोळे चोळत उठतील!

कडुनिंब तोडायचा नाही. शेकोटीच त्याच्या फांद्यांपासून दूर, समोरच्या कोपऱ्यात नेली आहे. झाडाची मुळे माती शोषून कोरडी करतात, त्यामुळे कोब्यालाही हे अंतर बरे.

काम दिवाळीच्या सुट्टीत होईल. आळी करून निदान सात दिवस पाणी ठेवायचे आणि 28 दिवसांआधी काडी लावायची नाही. पहिला जाळही अगदी छोटा. नकाशा कार्यालयात लावला आहे. पालकांनी सूचना लेखी द्याव्यात.