कोल्हा जिंकतो तेव्हा

पनवेलला वडाळे तलावाजवळच्या घरी मी नातीला पंचतंत्रातलं ‘मित्रभेद’ वाचून दाखवते, शेवट न गाळता. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल जिवलग मित्र; दमनक कोल्हा दोघांचेही कान भरतो. सिंह मित्रालाच मारतो, दमनक मंत्री होतो. “त्याला शिक्षा नाही, आजी?” नात चिडते. ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने केलेल्या ‘कलीला व दिम्ना’ या पंचतंत्राच्या अरबी रूपांतरात याच कोल्ह्यावर खटला चालतो, त्याला मृत्युदंड मिळतो. मला मूळ शेवटच पटतो. पंचतंत्र सांगणारे विष्णुशर्मा राजपुत्रांना राज्य सांभाळायला शिकवत होते. कान भरणारा ओळखता आला नाही तर काय होतं, हे त्यात धडधडीत दिसतं. दमनकाला तोंडावर खडसावणारा करटकही कोल्हाच, म्हणून ती पानं मी आवर्जून पुन्हा वाचते.