नेम, माशी आणि काडतूस



जन्मभर कामगार संघटनेत राबलेला माणूस बंदुकीवर बोलणार हे कळल्यावर काही मंडळी आज जरा बिचकूनच आली असतील. त्यांनी निश्चिंत असावे. मला संपाची भाषा येते, लढाईची येत नाही. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. बंदुकीचे शास्त्रही मी एका कामगाराच्या नोकरीपायीच शिकलो, आणि ती हकीकत पुढे येणारच आहे.

बंदूक म्हटली की आपल्या कर्जत-मुरबाडच्या मुलुखाला सिद्धगड आठवतो. २ जानेवारी १९४३ रोजी भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यामुळे बंदूक ही दुसऱ्याच्या हातातली, आपल्यावर रोखलेली वस्तू अशीच आपल्या वडीलधाऱ्यांना तिची ओळख. मात्र १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे या तरुणाने ५० मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले, आणि गावोगाव माणसे दूरदर्शन संचापुढे बसून रायफलीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. हा गडी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणजे आपल्यातलाच एक चाकरमानी. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळविले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी मराठी मातीतल्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. आणि लांब कशाला जा, आपल्याच जिल्ह्यात पनवेलला ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी नेमबाजीची संस्था उभी केली आहे.

या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण लावण्यास मनाई असते. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे. ते साध्या साधनाने टिपावयाचे. हे साधन काय असते ते आधी पाहू.

पोलिसांच्या खांद्यावर आपण कित्येक दशके जी थ्री-नॉट-थ्री पाहिली, तिच्या नळीच्या टोकाशी एक छोटे उभे पाते असते. त्याला माशी म्हणतात. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी, माशीचा माथा खाचेच्या काठाशी समपातळीत, आणि त्या माथ्यावर निशाण, अशी रचना जुळली की नेम झाला. स्पर्धेच्या रायफलीत खाचेऐवजी बारीक भोक आणि माशीऐवजी कडे असते. गोलात गोल बसविणे डोळ्याला आपोआप साधते, म्हणून ती सोय. तत्त्व एकच.

अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, आणि निशाण तर शंभर पावलांवर. मग स्पष्ट काय पाहावयाचे? नवशिका निशाणाकडे डोळे फाडून पाहतो आणि तेथेच फसतो. स्पष्ट पाहावयाची ती माशी. निशाण थोडे धुरकट दिसले तरी चालते, कारण माशी केसभर हलली तर पलीकडे गोळी वीतभर हलते.

आता दुसरा गैरसमज. गोळी सरळ रेषेत जाते असे आपण धरून चालतो. आंब्यावर दगड मारणाऱ्या पोराला मात्र ठाऊक असते की हात जरा वर धरावा लागतो. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने निघते, तरी १०० मीटर जाईपर्यंत ती नऊ-दहा सेंटिमीटर खाली येतेच. पृथ्वी कोणाला सवलत देत नाही. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. गोळी ती रेषा ओलांडून वर जाते आणि पुढे ठरावीक अंतरावर पुन्हा तिला येऊन मिळते. हे मिळणे नेमके कोठे व्हावे ते ठरवून माशी आणि खाच बसविणे, याला रायफल ‘झिरो करणे’ म्हणतात. म्हणजे झिरो हा त्या रायफलीपुरता, त्या अंतरापुरता आणि त्या काडतुसापुरता खरा. यातली एक गोष्ट बदलली की तो गेला.

आता ती हकीकत सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खालापूरकडच्या एका कारखान्यात आमचा एक सभासद दारावर सशस्त्र पहारेकरी होता. निवृत्त शिपाई, साताऱ्याकडचा, वय पन्नाशीच्या पुढे. आम्ही सारे त्याला फौजीमामा म्हणत असू. कारखान्याच्या परवान्यावर पॉइंट थ्री-वन-फाइव्हची एक देशी रायफल होती. वार्षिक सरावात ५० मीटरवर मामांनी दहा गोळ्या झाडल्या आणि निशाणावर दोनच लागल्या. आठवड्यात नोटीस आली: दृष्टी अधू, हात थरथरतो, कामास अपात्र. सेवा संपायला तीन वर्षे बाकी होती आणि घरी मुलीचे लग्न ठरत होते.

मामा माझ्याकडे आले. म्हणाले, “दादा, पलटणीत माझा नेम कधी चुकला नाही. पण कागद समोर आहे, मी काय बोलू?”

मलाही काही सुचत नव्हते. यंत्राच्या चुकीबद्दल माणसाला दंड झाल्याचे मी शंभर वेळा पाहिले होते. पण बंदुकीचे यंत्र माझ्या ओळखीचे नव्हते. शेवटी व्यवस्थापनाकडून एवढेच कबूल करून घेतले की माहितगार माणसासमोर पुन्हा एकदा चाचणी व्हावी. हा माहितगार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेला एक आर्मरर. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादाने पहिली गोष्ट केली ती ही की निशाणाच्या मागे मोठा कोरा कागद ताणून लावला. “बाहेर गेलेली गोळी कोठे गेली ते कळल्याशिवाय काय कळणार?” मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, एकाच पेटीतली पाच काडतुसे मामांच्या हाती दिली आणि बजावले की प्रत्येक वेळी निशाणाच्या मध्यावरच नेम धरायचा, गोळी कोठेही लागो. पाच गोळ्या झाल्यावर आम्ही कागदाजवळ गेलो. निशाण कोरे होते. पण डावीकडे कोऱ्या कागदावर पाचही भोके चार बोटांत मावतील अशी जवळजवळ पडली होती. या झुबक्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून १८ सेंटिमीटर डावीकडे होता.

उस्ताद व्यवस्थापकांना म्हणाला, “साहेब, थरथरणारा हात असा झुबका पाडत नाही. हात पक्का आहे. रायफल दुसरीकडे बघते आहे.”

मित्रहो, सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. गोळ्या विखुरणे हा एक दोष आणि झुबका भलत्या जागी पडणे हा दुसरा दोष. पहिल्याचे कारण नेमबाज, काडतूस, किंवा ढिला झालेला एखादा स्क्रू. दुसऱ्याचे कारण बहुधा माशी आणि खाच. पहिला दोष असताना माशी हलविणे म्हणजे गळक्या छपराखाली भांड्याची जागा बदलत राहणे. एक गोळी डावीकडे गेली म्हणून माशी सरकविली, पुढची उजवीकडे गेली म्हणून परत आणली, अशाने दिवस मावळतो आणि रायफल आहे तेथेच राहते. आधी झुबका, मग मध्य, मग दुरुस्ती, हा क्रम सोडून चालत नाही.

दुरुस्तीचा हिशेब शाळेच्या भूमितीतला आहे, समरूप त्रिकोणांचा. खाच आणि माशी यांच्यामधले अंतर अर्धा मीटर धरू. निशाण ५० मीटरवर, म्हणजे शंभर पट दूर. तेव्हा माशी एक मिलिमीटर हलली तर गोळी शंभर मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर हलते. आमची गोळी १८ सेंटिमीटर चुकत होती, म्हणून माशी १.८ मिलिमीटर सरकवायची. कोणत्या बाजूला? येथे भलेभले चुकतात. मागची खाच हलवायची असेल तर गोळी जिकडे न्यायची तिकडे खाच न्यावी. माशी हलवायची असेल तर उलट: गोळी जिकडे गेली तिकडेच माशी न्यावी. उंचीचेही तसेच. गोळी वर लागत असेल तर उंच पात्याची माशी बसवावी, खाली लागत असेल तर बुटकी.

उस्तादाने भिंग लावून पाहिले तर माशी आपल्या खोबणीत उजवीकडे सरकलेली होती आणि जुन्या जागी स्वच्छ धातूची बारीक रेघ उघडी पडली होती. कधीतरी रायफल घोडीवरून पडली असावी, किंवा जीपच्या फाळक्यावर आपटली असावी. कोणी कबूल केले नाही. माशी ठोकून डावीकडे रेघेशी आणली, पुन्हा पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही निशाणावर लागल्या.

एवढ्यावर नोटीस रद्द व्हायला हरकत नव्हती. पण व्यवस्थापक हुशार होते. त्यांनी विचारले, “मग पहिल्या वेळी दोन गोळ्या लागल्या त्या कशा? आणि बाकीच्या एका ठिकाणी का नव्हत्या?” प्रश्न रास्त होता, आणि विरोधी पक्षाचा प्रश्न रास्त असेल तर तो मानावा, एवढे मी संघटनेत शिकलो आहे. चौकशीत निघाले की त्या दिवशीची दहा काडतुसे दोन पेट्यांतली होती. एक पेटी त्या वर्षीची. दुसरी कित्येक पावसाळे गुदामात पडून राहिलेली, आणि खोपोलीचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. उस्तादाने जुन्या पेटीतली पाच झाडायला लावली. एक वीतभर खाली, एक वर, एक बाजूला. तीच रायफल, तोच माणूस, तीच वाळूची पिशवी.

असे का होते? काडतूस म्हणजे चार वस्तूंची जुळणी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. या चारांत जो फरक पडतो तो वेगात उतरतो. स्पर्धेच्या पॉइंट टू-टू काडतुसाचे उदाहरण घेऊ. गोळी आवाजाच्या वेगाखालीच राहावी, म्हणजे वाटेत हेलकावणार नाही, अशा बेताने ते भरतात, सेकंदाला सुमारे ३३० मीटर. दोन गोळ्यांच्या वेगात फक्त १० मीटरचा फरक असला तर ५० मीटरवर एक दुसरीपेक्षा सात-आठ मिलिमीटर खाली लागते. आणि दहाचे वर्तुळ केवढे? १०.४ मिलिमीटर. म्हणजे नेमबाजाने काही चूक न करता गुण जातो.

म्हणून मोठे नेमबाज काडतुसाची नुसती जात पाहत नाहीत, त्याचा लॉट पाहतात. एकाच कारखान्यात, त्याच यंत्रावर, त्याच हातांनी केलेल्या मालाचे दोन लॉट सारखे नसतात. शिवाय माझ्या नळीला मानवलेला लॉट तुमच्या नळीला मानवेलच असे नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या इली कारखान्यात नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात आवळून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात आणि पसंत पडला तोच लॉट वर्षभरासाठी विकत घेतात. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आणि वरणगावचा १९६४ चा. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर के. एफ. ही अक्षरे असतात. त्या अक्षरांमागे हजारो कामगारांचे डोळे आणि बोटे असतात, हे शिपायाला दिसत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला होता, आणि त्यावर मी वेगळे व्याख्यान देऊ शकेन, पण अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत.

दोन प्रकारची काडतुसे पारखायची झाली तर न्यायाची रीत अशी. रायफल तीच, टेका तोच, दिवस तोच. आधी एका प्रकारची सगळी आणि मग दुसऱ्याची सगळी असे झाडू नये. नळी तापत जाते, वारा फिरतो, माणूस थकतो आणि भोगावे लागते ते दुसऱ्या प्रकाराला. पाच याची, पाच त्याची, पुन्हा याची, असे आलटून पालटून झाडावे. प्रकार बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजू नयेत, कारण आधीच्या काडतुसाचे मेण आणि काजळी नळीत असते. तीन गोळ्यांवर निकाल देऊ नये. तीन गोळ्यांचा झुबका लहान दिसतोच, सातवी-आठवी गोळी खरे बोलते. आणि दोन सर्वांत लांबच्या भोकांमधले अंतरच तेवढे मोजू नये. त्यात एकच बिघडलेली गोळी साऱ्यांचे नाव खराब करते. प्रत्येक भोक मध्यापासून किती दूर ते मोजून सरासरी काढावी. त्रास आहे खरा, पण कोणाची तरी भाकरी त्यावर असते.

मामांची नोटीस मागे घेतली गेली. जाता जाता उस्तादाने त्यांना बाजूला घेऊन सांगितले की माशी त्यांना पुरती स्पष्ट दिसत नाही, डोळे तपासून घ्यावेत. नोटिशीतला अर्धा शब्द खरा होता म्हणायचा. कारखान्याच्या खर्चाने चष्मा मिळाला, तोही दोन पत्रे लिहिल्यावर. मामांनी लेकीच्या लाल नखरंगाने माशी आणि खोबणी यांवरून एक सरळ रेघ ओढली, म्हणजे माशी पुन्हा सरकली तर रेघ तुटलेली दिसावी. पुढची तीन वर्षे पाळीवर येताच ते आधी ती रेघ पाहत, मग पेटीवरचा लॉट नंबर वहीत उतरवीत, आणि मगच रजिस्टरवर सही करीत.