संगीतनिर्मात्याची यंत्रसामग्री आणि स्वनविज्ञान

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून भाषाविज्ञानाचे संशोधन चालू आहे. बोलींचे नमुने गोळा करणारा तेथील विद्यार्थी आज जी साधने हाताळतो, म्हणजे ध्वनिग्राहक, अंकीय मुद्रणयंत्र आणि संगणकावरील आज्ञावली, तीच साधने थोड्याफार फरकाने इलेक्ट्रॉनिक संगीताच्या निर्मात्याच्या मेजावरही आढळतात. हे साम्य आकस्मिक नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी १९३० नंतरच्या दशकात 'व्होकोडर' सिद्ध केला, तो टेलिफोनच्या तारेवरून वाणी थोडक्या जागेत धाडता यावी म्हणून. संगीतकारांच्या हाती तो पुष्कळ पुढे गेला. कोलोन नभोवाणीचे इलेक्ट्रॉनिक संगीताचे दालन १९५१ नंतर उभे राहिले, त्यामागे बॉन विद्यापीठात स्वनविज्ञान शिकविणाऱ्या वेर्नर मायर-एप्लर यांची प्रेरणा होती, आणि त्या दालनात नावारूपाला आलेले श्टोकहाउझेन हे काही काळ त्यांचेच विद्यार्थी होते. कूळ एक असले तरी दोघांचे प्रयोजन निराळे आहे. स्वनवैज्ञानिकाला झालेला ध्वनी जसाच्या तसा हवा असतो. निर्मात्याला हवा तो ध्वनी घडवावयाचा असतो. यास्तव ही यंत्रे ध्वनीवर नेमकी कोणती क्रिया करतात, हे भाषाभ्यासकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत बोधप्रद ठरणारे उदाहरण मुंबईतील आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे काम केलेले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस इत्यादी दहा राग केवळ यंत्रांवर वाजवून मुद्रित केले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे त्या तबकडीचे नाव. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : तालासाठी टीआर-८०८, खर्जाच्या साथीसाठी टीबी-३०३ आणि रागाच्या स्वरावलीसाठी ज्युपिटर-८. तबकडीकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली नेदरलंड्समधून ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोत १९८७ च्या सुमारास उदयास आलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य जाणकारांना दिसले, आणि चरणजित सिंग हेच त्या शैलीचे जनक, असेही काहींनी लिहिले. शिकागोच्या मंडळींनी ही तबकडी ऐकली होती असे मानण्यास मात्र आधार नाही. साम्य आहे ते यंत्रामुळे. दोन्हीकडे टीबी-३०३ च बोलते आहे.

'बोलते' हा शब्द येथे अगदीच अलंकारिक नाही. मनुष्याच्या वाणीची उपपत्ती स्वनविज्ञान दोन भागांत मांडते : स्वरतंतूंचे कंपन हा उगम, आणि मुखविवर ही त्यावरील गाळणी. टीबी-३०३ ची रचना नेमकी हीच आहे. तिच्यात एकच दोलक असतो. तो करवतीच्या दात्यांसारखा तरंग देतो, ज्यात मूळ स्वराचे सर्व अंशस्वर असतात, किंवा चौकोनी तरंग देतो, ज्यात केवळ विषम क्रमांकाचे असतात. हा ध्वनी पुढे गाळणीत जातो. ठरावीक मर्यादेच्या वरचे अंशस्वर गाळणी दाबते, आणि अनुनादाची खुंटी वाढविली की त्या मर्यादेलगतचे अंशस्वर उचलून धरते. वर्णलेखावर तेथे एक शिखर उभे राहते. ही मर्यादा खुंटी फिरवून वरखाली केली की ऐकणाऱ्याला 'उ'कडून 'ओ'कडे, तेथून 'आ'कडे सरकणारा स्वर भासतो. याचे कारण स्वनविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज उमगेल : पश्च स्वरांचे पहिले दोन फॉर्मंट एकमेकांच्या इतके जवळ असतात की एकच शिखर त्या दोहोंचे काम बऱ्याच अंशी भागवू शकते. 'ई'चे तसे नाही. तिचे दोन फॉर्मंट दूर दूर असल्याने एका शिखराने ती साधत नाही.

रागाच्या बाबतीत या यंत्राची मर्यादा अधिक स्पष्ट होते. त्याच्या सोळा घरांच्या पटावर प्रत्येक घरात एक स्वर बसवितात, आणि हवे तेथे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. प्रथम ऐकताना ती मिंडेसारखी वाटते. पण त्या घसरणीचा काळ यंत्रात कायमचा ठरलेला आहे. गायकाच्या मिंडेत किती वेळ लावावयाचा, मध्ये कोठे रेंगाळावयाचे, हे रागावर आणि गायकावर अवलंबून असते. येथे ते विद्युन्मंडलाने आधीच ठरविलेले असते. दुसरी अडचण स्वरस्थानांची. यंत्राचे बारा स्वर समान अंतराचे, प्रत्येकी १०० सेंटांचे. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गांधार ३८६ सेंटांच्या आसपास असतो, तर यंत्राचा ४०० वर. संवादिनीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे टिकली. चरणजित सिंग यांच्या यमनात हा चढा गांधार ऐकू येतो. त्यांनी रागाची चौकट सांभाळली आणि श्रुतीचा हट्ट सोडला, असे म्हणावयास हरकत नाही. नृत्यतालाच्या तबकडीसाठी ही तडजोड अनुचित नव्हती.

आज ही यंत्रे बव्हंशी आज्ञावलीच्या रूपात संगणकात आली आहेत. बर्लिनची एबलटन लाइव्ह ही आज्ञावली २००१ साली आली, आणि आता एका संगणकावर पूर्वीचे सारे दालन मावते. तिच्याशेजारी अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील बूर्स्मा व वेनिंक यांची, स्वनवैज्ञानिकांच्या नित्य वापरातील 'प्राट' ठेवली तर नाते पुन्हा दिसते. ध्वनीचा एक तुकडा त्याच्याच किंचित पुढे सरकविलेल्या प्रतीशी ताडून त्याची आवर्तने ओळखावयाची, या पद्धतीने प्राट स्वराची उंची मोजते. अँडी हिल्डब्रँड यांनी १९९७ साली आणलेल्या ऑटो-ट्यूनच्या मुळाशीही हेच गणित आहे. ते त्यांनी भूगर्भातील तेलाच्या शोधासाठी वापरलेल्या तंत्रावरून घेतले. फरक पुढल्या पायरीत आहे. प्राट उंची सांगून थांबते. ऑटो-ट्यून तो स्वर जवळच्या ठरावीक स्थानावर नेऊन बसविते. मिंडेच्या जागी त्यामुळे पायऱ्या होतात.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यासारख्या कार्यात या फरकाला मोठे मोल आहे. मुद्रणाबरोबर मिळणाऱ्या 'सफाई'च्या सोयी संगीतनिर्मात्यासाठी रचलेल्या असतात. खरखर काढून टाकणारी आज्ञावली सतत चालणाऱ्या कुजबुजीसारख्या ध्वनीला मळ समजते; परंतु 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांतील महाप्राणत्व हीही एक श्वासयुक्त कुजबुजच आहे. ध्वनीची पातळी आपोआप समान राखणारी सोय आघाताचा चढउतार सपाट करते. उंच कंप्रता छाटून धारिका लहान करण्याची रीत तर मराठीला विशेष जाचक आहे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, किंवा 'चार' आणि 'चारा', यांतील तालव्य व दंत्य उच्चारांचा भेद लिपीत दिसत नाही. तो बहुतांशी उंच कंप्रतांच्या घर्षणध्वनीत असतो. टेलिफोनची पारंपरिक वाहिनी ३४०० हर्ट्झच्या वर काही नेत नाही, आणि दंत्य घर्षणाचा मुख्य भर त्याच्याही वर पडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन, न आवळता जतन केलेल्या मुद्रणात तो शाबूत राहतो. आवळताना गेलेला भाग मागाहून कोणत्याही आज्ञावलीने परत येत नाही. फार तर तिच्या अंदाजाने तेथे नवे घर्षण रचले जाईल, आणि ते त्या वक्त्याचे नसेल. म्हणून मूळ धारिका अस्पर्श ठेवावी, छाटणी व सफाई प्रतीवरच करावी, आणि कोणती क्रिया कोणत्या क्रमाने केली याची नोंद वक्त्याचे गाव व वय यांच्या नोंदीशेजारीच असावी.