मोदकपात्रातला जिताडा

बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या मासळीच्या दुकानात एकाच माशाला तीन नावं ऐकू येतात. पाटीवर 'सीबास' लिहिलेलं असतं, रांगेतल्या बंगाली काकू 'भेटकी' मागतात आणि मासे कापणारा तमीळ मुलगा 'कोडुवा' म्हणतो. पेण-अलिबागकडचा माणूस मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदा नजर फिरवतो आणि मनात म्हणतो, अरे, हा तर आपला जिताडा! कँटोनीज पद्धतीचा वाफवलेला मासा घरी करायचा तर मी हाच घेतो. चव सौम्य, मांस पांढरंशुभ्र, आणि वेळ मिनिटभर इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेणारा.

आणखी एक कारण आहे. इथून मंगळुरू साडेतीनशे किलोमीटरवर. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद, त्याआधी १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर बंद. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तर दोन्हीकडे शुकशुकाट. जिताडा मात्र तळ्यातही वाढवतात. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये त्याची पिल्लं बंदिस्त जागेत निपजवून दाखवली होती. सुरमईचा वनवास सुरू असतो तेव्हाही हा मिळतो.

सहाशे ग्रॅमच्या आसपासचा अख्खा मासा घ्यावा. खवलं आणि पोट साफ करून घ्यायचं, डोकं ठेवायचं. घरी आलं की कोकणी हात आपोआप हळद, मीठ आणि आगळाकडे जातो. आज त्याला आवरायचं. मासा मेल्यावर जिवाणूंमुळे ट्रायमिथिलअमाइन नावाचं द्रव्य तयार होतं. माशाचा 'वास' म्हणतात तो मुख्यतः त्याचा. कोकम, चिंच, लिंबू यांतलं आम्ल त्याला बांधून ठेवतं, मग ते हवेत उडत नाही. आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र न शिकता ओळखलं होतं. कँटोनीज स्वयंपाकी आंबटाच्या वाटेला न जाता तिथेच पोचतो: मासा ताजा घेतो, खाली आलं घालतो आणि वाफवताना सुटलेलं पाणी चक्क फेकून देतो. म्हणून मासा फक्त धुऊन, फडक्याने कोरडा टिपून घ्या आणि दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या.

वाफवायला बांबूची टोपली विकत आणू नका. गणपतीनंतर माळ्यावर गेलेलं मोदकपात्र खाली काढा. एवढा मासा त्यात अख्खा मावत नाही, म्हणून मधोमध दोन भाग करायचे. जाळीवर स्टीलची ताटली, तिच्यात पातीच्या कांद्याचे लांब तुकडे आणि आल्याच्या चकत्या, त्यांवर मासा. असा उचलून धरला की वाफ खालूनही फिरते.

पाणी खळाखळा उकळल्याशिवाय मासा आत ठेवायचा नाही. वाफ गार माशाला लागली की तिचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता माशाला मिळते. मोदक शिजतो तो याच हिशेबाने. वाफ मंद असेल तर मासा शिजत नाही, नुसता भिजतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच, त्यामुळे इथे पाणी साधारण ९७ अंशांनाच उकळतं. मुंबईत आठ मिनिटं लागत असतील तर इथे नऊ धरा.

खरी कसोटी घड्याळाची नाही. सगळ्यात जाड भागात सुरी घाला. मांस काट्यापासून सुटत असेल आणि अगदी काट्यालगत किंचित काचेसारखं दिसत असेल, तर गॅस बंद. उरलेलं काम आतल्या उष्णतेने होतं. माशाचं मांस साठ अंशांच्या आसपासच शिजतं, पुढे ते आकसून पाणी सोडू लागतं. चिरांमधून पांढऱ्या गुठळ्या भराभर बाहेर येताना दिसल्या तर उशीर झाला समजा. मग त्याचं कालवण करावं, लाज वाटायचं कारण नाही.

आता ताटलीतलं पाणी ओतून टाका, शिजलेलं आलं-पात काढा आणि ताज्या आल्याच्या बारीक काड्या, हिरवी पात, कोथिंबीर वर पसरा. दोन चमचे शेंगदाण्याचं तेल (कँटोनीज घरांतही हेच वापरतात) धूर येईपर्यंत तापवून त्यावर ओता. चर्र आवाज यायलाच हवा. फोडणीच ही, फक्त मोहरीविना आणि शेवटी. आल्या-पातीचा सुगंध तेलात उतरतो आणि तेलाबरोबर चिरांमध्ये जातो. दोन चमचे सोया सॉस, चमचाभर गरम पाणी आणि चिमूटभर साखर कडेने सोडा, वरून नको. सोया सॉस पातळ, आंबवलेला हवा. बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. चायनीजच्या गाडीवरचा दाट काळा सॉस घातला तर मासा शाई सांडल्यासारखा दिसतो.

घरात तिरफळं असतील तर एक खोडी करून पाहा. बांगड्याच्या आमटीत टाकतो ती तिरफळं आणि चीनच्या सिचुआन प्रांतातली मिरी एकाच झांथॉक्सिलम वंशातली. जिभेला येणाऱ्या मुंग्या दोन्हींकडे सारख्याच. काळ्या बिया काढून टाकून तीन-चार सालं तेलात तापवा, गाळा आणि तेच तेल ओता.

सोबत भात मऊसर हवा, ताटलीतला रस त्यावरच घ्यायचा असतो. आणि जिताड्याच्या डोळ्याखाली गालाचा छोटा गोल तुकडा असतो, माशातला सगळ्यात लुसलुशीत. वाढणाऱ्याने तो गुपचूप आपल्या ताटात घ्यावा.